अनुदानाच्या याद्या चावडीवर लावाव्यात

महोदय,
माहिती अधिकार कायदा, 2005 मधील कलम 4 नुसार अनुदान योजनांसाठी मंजूर झालेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, आपणहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. पीएम-किसानच्या वार्षिक 6000 रुपयांच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी संकेतस्थळावर पाहता येते. मग ठिबक, शेततळे, ट्रॅक्टर यांच्या त्याहून कितीतरी मोठ्या अनुदानाबाबत गाव अंधारात का?

आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावे रकमेसह खडूने लिहिलेली असतात, मात्र अवजारांचे अनुदान कोणाला मिळाले याची एक ओळही तेथे कधी दिसत नाही. 2017 च्या कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले होते, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. आधार व बँक खाते क्रमांक अवश्य झाकावेत. परंतु नाव, गट क्रमांक, योजना आणि रक्कम उघड झाली, तर कागदावरचे शेततळे शेजारचा शेतकरीच दाखवून देईल. कृषी विभागाने ही यादी दर ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आदेश काढावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक शेतकरी वाचक