उधारीच्या वहीतलं एक पान

वाळपईजवळ, सत्तरी, गोवा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीला गणपतीवर बांधलेली माटोळी उतरवून आठ दिवस झाले, पण निघताना तू ओट्यावर जे बोललास ते मनातून उतरत नाही. ‘सरकार खात्यात पैसे टाकतं, म्हणून माणसं कामाला येईनाशी झाली,’ असं म्हणालास. आरतीची वेळ झाली होती, घरात पाहुणे होते, मी गप्प बसलो. तुझ्यासमोर असं गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून आज दुकान लवकर बंद केलं आणि लिहायला घेतलं.

ओढ्यापलीकडचं मातीच्या भिंतींचं घर तुला आठवत असेल. वयनी, म्हणजे आपली वहिनी, तिचा नवरा, सासू आणि दोन मुलं. नवरा डोंगरावरच्या काजूत राबतो, पावसात भात लावतो, एरवी मिळेल ती रोजंदारी. सासूला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात, वयनीला गृह आधारचे १,५००. गृह आधार २०१२ साली सुरू झाली ती वाढत्या महागाईत घरच्या बाईच्या हाताशी काही असावं म्हणून. तेव्हा रक्कम १,००० होती. दोघींचे मिळून ३,५००. तेवढ्यात पाच माणसांचं घर चालत नाही हे मलाही कळतं. पण तेवढ्याने काय बदललं ते मी गल्ल्यावर बसून पाहिलं आहे.

माझ्या उधारीच्या वहीत त्यांचं एक पान होतं. जूनमध्ये भरायला लागायचं ते चतुर्थीपर्यंत उलटायचं. तांदूळ, तेल, चहापूड, सुके बांगडे, मुलांच्या वह्या. फेडायची काजू आल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. मधले महिने कसे काढायचे? तर जानेवारीत व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. उचल घेतली की बी त्यालाच घालायची, त्याच्या काट्यावर, तो म्हणेल त्या दराने. मोहोर नुकता धरलेला असायचा आणि पीक विकून झालेलं असायचं. आणि सुहास, माझंही तेच होतं. माझ्या वहीत नाव असलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नव्हता. मी देईन तो तांदूळ, मी सांगेन तो भाव. मी कुणाला मुद्दाम लुबाडलं नाही, पण देणेकऱ्याला घासाघीस करता येत नाही, आणि त्याचा फायदा मला इतकी वर्षं मिळत राहिला.

एका एप्रिलमध्ये वयनी दुकानात आली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, यंदा उचल घेतली नाही. आयेचे नि माझे पैसे मिळून कसंबसं निभावलं. बी वाळवून पोत्यात ठेवलीय. चार ठिकाणी दर विचारून मग घालणार.’’ तिच्या तोंडून ‘दर विचारून’ हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. त्या वर्षी तिने वाळपईला जाऊन तांदळाचं आख्खं पोतं आणलं, माझ्यापेक्षा स्वस्त. माझ्याकडून साबण, आगपेट्या, मीठ एवढंच. माझं एक गिऱ्हाईक कमी झालं, पण तिच्या पानावर रेघ मारताना मला मनापासून बरं वाटलं.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. तुझ्या भावाच्या कुळागरात, त्या सुपारीच्या बागेत, तिचा नवरा यायचा तो जुन्या उधारीपोटी, चालू मजुरीपेक्षा कमी पैशांत. आता तो तसा येत नाही. मजुरीचा दर विचारतो. म्हणून तो घरी बसलाय असं नाही, डोंगरावर गेलास तर भेटेल. दारूचंही तू बोललास. हुर्राकाच्या, त्या काजूच्या दारूच्या, दिवसांत तो पितो हे खोटं नाही, पण हे पैसे सुरू होण्याआधीही प्यायचा, आणि हे पैसे बायकोच्या आणि आईच्या खात्यात येतात.

असे पैसे दिले की काय होतं हे दुसरीकडेही तपासलं गेलंय. केनियाच्या पश्चिमेला रारिएडा म्हणून एक भाग आहे. तिथे एका संस्थेने गवताच्या छपराच्या घरांना कसलीही अट न घालता मोबाइलवर रोख पैसे दिले. काहींना एकदम, काहींना दरमहा. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दरमहा मिळाले त्यांच्या घरात जेवणाची ददात कमी झाली, ज्यांना एकदम मिळाले त्यांनी पत्रे घातले, गुरं घेतली. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. पुढे तिथल्याच सियाया भागात ६५३ गावांत पाहणी झाली, घरटी सुमारे १,००० डॉलर. दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागातली उलाढाल अडीच डॉलरच्या आसपास वाढली, आणि भाव जवळजवळ वाढलेच नाहीत. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही बरं झालं. हे वाचताना मला माझा गल्ला आठवला. वयनी तांदूळ वाळपईहून आणते खरी, पण गावातल्या पंधरा-वीस बाया आता रोख देतात, म्हणून मीही घाऊक व्यापाऱ्याला रोख देतो आणि मला माल स्वस्त पडतो.

सासूबद्दल तुला सांगायलाच हवं. तिचं पासबूक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी लुगड्याच्या ओच्यात. एंट्री मारून आणली की माझ्यासमोर धरते आणि विचारते, ‘‘पैशे आयले मरे?’’ मी हो म्हटलं की नातीसाठी एक पेन घेते, पैसे स्वतः मोजून देते. पूर्वी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोमेकॉत, डोळे दाखवायला जायचं तर मुलाकडे भाडं मागावं लागायचं, आणि ती मागायची नाही. उपचार मोफत होते, पण बांबोळीला पोचायलाच वर्ष गेलं. आता सून आणि ती कदंबच्या बसने जाऊन येतात.

एका वर्षी तिचा हयातीचा कागद कुठेतरी अडला. काही महिने खात्यात काही आलं नाही. वही पुन्हा उघडली, आणि जानेवारीत पुन्हा उचल. वयनीचे तेवढे येत होते, पण घडी सगळी विस्कटली. तेव्हा कळलं, किती येतात याइतकंच ते ठरल्या वेळी येतात की नाही हेही मोठं आहे. कधी येतील ते ठाऊक नसलेल्या पैशाच्या भरवशावर उचल नाकारता येत नाही.

आणि जे झालेलं नाही तेही लिहितो. ३,५०० रुपयांत भिंत बांधता येत नाही. ओढ्याकडची बाजू दर पावसात थोडी थोडी ढासळते. सत्तरीत कित्येकांचं तसं यांचंही आहे, पिढ्यान्‌पिढ्या कसतात ती जमीन कागदावर यांच्या नावे नाही, मग तिच्यावर कर्ज कोण देणार? महिन्याच्या पैशांतून वयनी भिशीत थोडं टाकते, पण ते थोरल्या मुलीच्या साखळीच्या कॉलेजात संपतं. या घराला एकदा, एकरकमी, भिंतीपुरते पैसे मिळायला हवेत असं मला फार वाटतं. महिन्याच्या पैशांनी ते तग धरून राहिले, पण त्या भिंतीपाशी येऊन सगळं थांबतं.

तुझ्या भावाला एवढं सांग, सुपारी उतरवायला माणूस हवा असेल तर चालू दराने बोलाव. तो येईल, मी त्याला विचारलंय. पुढच्या खेपेला आलास की ओढ्यापलीकडे जाऊ, ती भिंत तू स्वतः बघ.

वयनीने घरी भाजलेले काजू तुझ्यासाठी दिलेत. शनिवारी बसवाल्याकडे देतो, स्टँडवरून घे.

तुझा,
बाळा