‘हॅड’ जपून वापर: परीक्षेला बसणाऱ्या लेकीस पत्र

कोल्हापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही निबंध वाचले. मुद्दे नीट मांडले आहेस, शब्दही पुरेसे आहेत. घसरतेस ती क्रियापदाच्या काळात, आणि तीही ठरावीक ठिकाणीच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत हे फार महागात पडतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लेखनाचे गुण चार निकषांवर मिळतात आणि त्यात व्याकरणाला चौथा हिस्सा आहे. बोलण्याच्या परीक्षेतही तसंच. सहा बँडला, म्हणजे सहाच्या गुणपातळीला, अर्थ कळेल इतपत चुका खपतात. सात बँडला मात्र पूर्ण बिनचूक वाक्यं वरचेवर दिसावी लागतात. चांगलं लांबलचक, जोडवाक्य असलं आणि त्यात एकच क्रियापद चुकलं, तरी ते वाक्य बिनचूक राहत नाही. काळाची चूक सवयीची असते, त्यामुळे ती दर परिच्छेदात पुन्हा येते. उलट एक सवय मोडलीस की एकदम पाच-सहा वाक्यं सुधारतात. म्हणून वेळ कमी असेल तर नवे अवघड शब्द पाठ करण्यापेक्षा आधी हे कर.

तुझी सगळ्यात मोठी अडचण ‘हॅड’ची आहे. आपण सहज म्हणतो, ‘मी काल रंकाळ्यावर गेले होते’. मराठीत हे अगदी बरोबर. त्यावरून तू लिहितेस, ‘आय हॅड गॉन टू रंकाळा यस्टरडे’. इंग्रजीला तिथे साधा भूतकाळ हवा: ‘आय वेंट टू रंकाळा यस्टरडे’. आपलं ‘होते’ नुसतं झालेली, संपलेली गोष्ट सांगायलाही चालतं. इंग्रजीतलं ‘हॅड’ भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी घडलेली दुसरी गोष्ट दाखवतं. महापुराचं उदाहरण घे. ‘व्हेन द बोट्स रीच्ड शिरोळ, मेनी फॅमिलीज हॅड ऑलरेडी मूव्ह्ड टू द अपर फ्लोअर्स’. बोटी पोचल्या ही एक गोष्ट, माणसं त्याआधीच वर गेली ही दुसरी. इथे ‘हॅड’ काढलास तर बोटी आल्यावर माणसं वर गेली असा अर्थ होईल. म्हणून ‘हॅड’ लिहिलास की लगेच स्वतःला विचार, ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं तर ठेव. नाही सापडलं तर खोड आणि साधा भूतकाळ लिही. तुझ्या पहिल्या निबंधातले बहुतेक सगळे ‘हॅड’ असेच खोडावे लागतील.

दुसरी गोष्ट ‘केलं आहे’ची. ‘मी २०२२ साली पदवी पूर्ण केली आहे’ हे मराठीत कुणाला खटकत नाही. इंग्रजीत साल, तारीख, ‘काल’, ‘मागच्या वर्षी’ असं काही आलं की ‘हॅव’ चालत नाही. ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०२२’ एवढंच. साल काढून टाकलंस तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ बरोबर. गेलेल्या माणसाबद्दल लिहितानाही सांभाळ. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे सांगताना ‘हॅज रिझर्व्ह्ड’ नको, ‘रिझर्व्ह्ड’ हवं. त्या निर्णयाचा परिणाम आजपर्यंत चालू आहे असं म्हणायचं असेल तर मात्र ‘हिज डिसिजन हॅज इन्फ्लुएन्स्ड’ योग्य, कारण ती गोष्ट आजला येऊन भिडते.

याच्या उलट चूक ‘पासून’ची. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स टेन इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायला ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. आणि दहा वर्षं हा कालावधी आहे, तिथे ‘फॉर’. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा क्षण यायला हवा: ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स चाइल्डहूड’.

‘जेव्हा मी पास होईन तेव्हा’ यातला भविष्यकाळ इंग्रजीत जात नाही. ‘व्हेन आय पास, आय विल अप्लाय’. ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अनटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनी सुरू होणाऱ्या तुकड्यातही भविष्याची गोष्ट साध्या वर्तमानात सांगायची. ‘डिड नॉट’नंतर ‘वेंट’ नको, ‘गो’ हवं, हे तुला माहीत आहे, पण घाईत सुटतं. ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही टाळ. माहीत असणं आणि जवळ असणं या स्थिती आहेत, त्यांना ‘इंग’ लागत नाही. जेवण चालू असेल तर मात्र ‘हॅविंग लंच’ बरोबर.

आता लेखनातलं पहिलं टास्क, म्हणजे आलेख, नकाशा किंवा आकृतीचं वर्णन. वीस मिनिटांत किमान १५० शब्द लिहायचे असतात. लिहायला लागण्याआधी पेन्सिल उचल आणि आलेखावरच्या वर्षांभोवती गोल कर, कारण तुझा काळ ती वर्षंच ठरवतात. १९९० ते २०१० असा अक्ष असेल तर सगळं साध्या भूतकाळात: ‘रोज’, ‘फेल’, ‘रिमेन्ड स्टेबल’. ‘बाय २०१०’ लिहिलंस, म्हणजे २०१० पर्यंत, तर तिथे ‘हॅड रिच्ड’ शोभतं. ‘इन २०१०’ लिहिलंस तर नुसतं ‘रिच्ड’. पुढच्या वर्षांचे अंदाज दिले असतील तर नुसत्या ‘विल’ने ते ठाम विधान वाटतं, म्हणून ‘इज प्रोजेक्टेड टू राइज’ किंवा ‘इज एक्स्पेक्टेड टू फॉल’ लिही. वर्षंच नसतील तर साधा वर्तमान. आकडे जुने असोत की नवे, पहिल्या वाक्यात ‘द ग्राफ शोज’ असंच लिही. तू ‘शोड’ लिहिलं आहेस, पण आलेख तर आत्ताही तुझ्या समोरच आहे. गावाच्या तेव्हाच्या आणि आताच्या नकाशांची तुलना आली तर तेव्हाचं भूतकाळात आणि झालेला बदल ‘हॅज बीन रिप्लेस्ड बाय’ असा.

एखादी वस्तू कशी तयार होते याची आकृती आली तर मात्र सगळं साध्या वर्तमानात आणि बहुतेक कर्मणी प्रयोगात. याच्या सरावाला आपलं गुऱ्हाळ घे. ऊस चरकातून काढतात, रस गाळतात, काहिलीत आटवतात, मळी काढतात, साच्यात ओततात, थंड झाल्यावर ढेप काढतात. इंग्रजीत: ‘द केन इज क्रश्ड’, ‘द ज्यूस इज फिल्टर्ड’, ‘इट इज बॉइल्ड इन अ लार्ज पॅन’, ‘द स्कम इज रिमूव्ड’. कोण करतो हे सांगायचं नाही. ‘दे आर क्रशिंग’ लिहिलंस की ते समोर चाललेल्या कामाचं धावतं वर्णन होतं, प्रक्रियेचं नाही. दोन पायऱ्या जोडताना ‘वन्स द ज्यूस हॅज बीन फिल्टर्ड, इट इज बॉइल्ड’ असं एखादं वाक्य घाल, त्यातून रचनेची विविधता दिसते.

बोलण्याच्या परीक्षेत प्रश्नाचं क्रियापद नीट ऐक, निम्मं उत्तर त्यातच असतं. ‘डू यू’ विचारलं तर वर्तमान, ‘डिड यू’ विचारलं तर भूतकाळ. ‘हॅव यू एव्हर व्हिजिटेड’ विचारलं तर जरा वळण आहे: ‘येस, आय हॅव’ म्हणायचं आणि तपशील सांगताना लगेच साध्या भूतकाळावर यायचं, ‘आय वेंट देअर इन २०१९’. पुढची सगळी वाक्यंही तिथेच ठेव. पुष्कळ मुलं इथे ‘हॅव’ला धरून बसतात. दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट मिळतं. त्यात मुद्द्यापुढे नाम लिहू नकोस, क्रियापद पूर्ण रूपात लिही: ‘वेंट’, ‘मेट’, ‘हॅव नोन’. गोष्ट रंगात आली की मराठीत आपण ‘मग ती येते, म्हणते’ असं वर्तमानात सांगतो, आणि इंग्रजीतही तसंच घसरतं. कागदावरचं ‘वेंट’ डोळ्यांसमोर असलं की जीभ सावरते. पूर्वीच्या सवयीसाठी ‘यूज्ड टू’, आजच्या सवयीसाठी ‘युजुअली’. ‘आय यूज टू गो’ असं आजच्या सवयीसाठी कधीच म्हणू नकोस.

शेवटचा उच्चारही गिळू नकोस. ‘वर्क्ट’, ‘लिव्ह्ड’, ‘वॉन्टिड’ अशी तीन वेगळी शेपटं आहेत. ‘क’, ‘प’, ‘स’सारख्या आवाजानंतर ‘ट’, घोष, म्हणजे घसा थरथरून निघणाऱ्या आवाजानंतर आणि स्वरानंतर ‘ड’, आणि मूळ शब्दच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तर ‘इड’. हे ऐकू आलं नाही तर तू मनात भूतकाळ म्हटलास तरी परीक्षकाला वर्तमानच ऐकू येणार.

लेखनातल्या दुसऱ्या टास्कला, म्हणजे निबंधाला, चाळीस मिनिटं असतात, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे. त्यातली शेवटची चार मिनिटं राखून ठेव आणि शेवटच्या वाक्यापासून वर वाचत ये, म्हणजे वाक्यांच्या अर्थामध्ये गुंतत नाहीस आणि क्रियापद दिसतं. तीनच गोष्टी बघ: प्रत्येक ‘हॅड’ला कशाच्या आधी हे उत्तर आहे का, ‘सिन्स’ नसताना सालाजवळ ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ राहिलंय का, आणि ‘इफ’ किंवा ‘व्हेन’च्या तुकड्यात ‘विल’ शिरलंय का. संगणकावर परीक्षा दिलीस तरी चुकीखाली लाल रेघ तिथे येत नाही, हे ध्यानात ठेव.

दुसरा निबंध याच पद्धतीने स्वतः तपासून पाठव, मी आधी खुणा करत नाही. सोबत गुऱ्हाळावर आठ वाक्यं लिही, सगळी वर्तमानातली. शनिवारी रात्रीपर्यंत आलं तर रविवारी फोनवर एकेक वाक्य घेऊन बसू.

तुझी,
आई