शब्द मोडायला मी जातो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला काही विचारायला जावं, तर "बरं आहे आबा, तालमीत सरावाला निघाले" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून शेवटी वही घेऊन बसलो. उद्या सकाळच्या एस.टी.नं डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवतोय, त्यात हे पत्र आहे. लाडू सगळ्यांना दे. पत्र मात्र रात्री वाच, खोलीतल्या पोरी झोपल्यावर.

पाडव्याला तू दोन दिवस येऊन गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैरण काढायला न्हाणीच्या मागं गेलो. दोरीवर तुझी चादर वाळत होती आणि चादरीखाली, बाहेरून दिसणार नाही अशी, नी-कॅप टाकली होती. हातात घेऊन बघितली. इलास्टिक पार सैल पडलंय. आतल्या बाजूला शिवणीत तांबडी माती बसली आहे, धुऊनही न गेलेली. एक-दोन दिवस वापरलेली वस्तू नव्हती ती. मी परत होती तिथं ठेवली आणि चादर नीट केली. तुझ्या आईला काही बोललो नाही.

मग दिवसभर मी तुझ्याकडंच बघत होतो. दुपारी तू पंगतीत बसली नाहीस, उकडतंय म्हणून ताट घेऊन ओट्यावर पाय सोडून बसलीस. माडीवरनं उतरताना डावा पाय खालच्या पायरीवर ठेवायचीस, मग उजवा त्याच पायरीवर. आजीनं पाया पडायला बोलावलं तेव्हा कमरेत वाकलीस, गुडघा टेकला नाहीस. लहानपणापासून तू गुडघे टेकून पाया पडतेस. बाळ, डावा गुडघा गेलेला माणूस कसा चालतो हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. तीस वर्षं मी तसाच चालतोय.

तू गेल्यावर मोबाईलवर तुझ्या कुस्त्या पुन्हा काढून बघितल्या. माघातल्या यात्रेतली ती बारामतीकडच्या पोरीबरोबरची, लोकांनी डोक्यावर घेतलेली. तेव्हा मी नुसता निकाल बघितला होता. आता तुझे पाय बघितले. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली आणि तू उजवा पाय पुढं ठेवून उभी राहिलीस. तू डाव्या पायावर लढणारी पोर आहेस. एकेरी पट हा तुझा डाव, समोरचीचा एक पाय धरून तिला पाडायचा. पट काढताना डावा गुडघा मातीत घासत आत जायचा, तेवढ्यात समोरची आडवी. त्या सबंध कुस्तीत तू एकदाही पटात गेली नाहीस. मनगट धरून ओढत राहिलीस आणि शेवटी हाताच्या ताकदीवर घिस्सा मारून चितपट केलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हलगी कडाडली, फेटा बांधला. मीही इथं घरात बसून ओरडलो होतो.

आणि मग निवड चाचणी. ती आठवली आणि रात्रभर झोप लागली नाही.

मॅटच्या गादीवरची सहा मिनिटं. पहिल्या फेरीत तुला एक गुण, दुसऱ्या फेरीत तिला एक गुण, दोन्ही समोरचीनं तीस सेकंदांत गुण मिळवला नाही म्हणून मिळालेले. कुस्ती १-१ वर संपली आणि शेवटचा गुण तिचा म्हणून ती जिंकली. तू खाली उतरलीस तेव्हा चार लोकांसमोर मी तुला म्हणालो, "पटात जायला कुणी हात धरला होता का? भ्यालीस तू." तू काहीच बोलली नाहीस. बाटली उचललीस आणि बाजूला जाऊन बूट सोडत बसलीस. डाव्या बुटाची नाडी सोडायला तुला किती वेळ लागला, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला वाटलं रडते आहे, म्हणून जवळ आलो नाही.

माझं चुकलं. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं, सांगणारच आहे. पण आधी लिहून ठेवतो.

आता दुसरी गोष्ट. तुला आणि तुझ्या आईला मी आजवर सांगत आलो की विहिरीत मोटर उतरवताना पाय सरकला आणि गुडघा मोडला. ते खरं नाही.

मी तेविशीत होतो. जिल्ह्याच्या चाचणीत माती विभागातून माझं नाव निघालं होतं. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनाला जायचं होतं. गदा मिळेल असं मला स्वतःलाही वाटत नव्हतं, पण त्या हौद्यात एकदा उतरायचं होतं. १९६१ साली दिनकर दह्यारींनी पहिल्यांदा मिळवलेला तो किताब. ती नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ असायची. अधिवेशनाला महिना होता. गुडघा आधीच सुजलेला होता, रोज आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावून मी तालमीत कुणाला कळू देत नव्हतो. तेवढ्यात एका यात्रेतनं कुस्तीची जोड आली. पाच हजारांची. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. मी हो म्हणालो. मैदानाच्या दिवशी एकाकडनं दुखणं मारायचं इंजेक्शन घेतलं आणि उतरलो.

दुखत नव्हतं, हाच घात झाला. दुखलं असतं तर सोडलं असतं. समोरच्यानं आकडी घातली, मी पाय काढून घ्यायच्या ऐवजी त्याच पायावर भार देऊन वळलो आणि आवाज आला. वाळलेली तुरकाटी मोडल्यावर येतो तसा. हलगी चालू होती, तरी तो मला ऐकू आला. कुस्ती सोडवली, बरोबरीचे म्हणून अडीच हजार हातात दिले. बहिणीच्या लग्नात त्याची भांडी आली. अधिवेशन झालं तेव्हा मी घरात पाय उशीवर ठेवून पडलो होतो. त्यानंतर मी मातीत पाय ठेवला तो तुला घेऊन, तू सहा वर्षांची असताना.

विहिरीची गोष्ट का सांगितली? लाज वाटली म्हणून. पैलवान पैशासाठी दुखणं लपवून उतरला आणि मोडला, असं लोकांनी म्हणू नये म्हणून. आज तुझी नी-कॅप चादरीखाली बघितली आणि कळलं की हे लपवणं मीच तुला शिकवलं. तोंडानं शिकवलं नाही, पण घरात तेच होतं.

गोळेश्वर आपल्यापासून काही लांब नाही. खाशाबा जाधवांचं गाव तुला मी दाखवलंय. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं हे शाळेत शिकवतात. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर सात हजाराला गहाण टाकलं, तेही लोक सांगतात. पुढचं कुणी फारसं सांगत नाही. ते १९५५ ला पोलिसात लागले, पुढच्या ऑलिम्पिकची तयारी चालू होती आणि गुडघा गेला. मेलबर्न राहिलं ते राहिलंच. त्या काळात गुडघ्याच्या आत काय फाटलंय हे बघायला एमआरआय नव्हता. असता तर त्या माणसानं काय केलं असतं, हा विचार मी इतक्या वेळा केलाय की सांगता येत नाही.

तुझ्या वेळेला तो आहे. विनेश फोगटचं तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. २०१६ ला रिओत तिला स्ट्रेचरवरून नेली, ते बघताना तू माझा हात धरून ठेवला होतास. त्यानंतर आशियाई सुवर्ण घेतलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्याचं मुंबईत ऑपरेशन झालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिनं जपानच्या सुसाकीला हरवलं, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेल्या सुसाकीला. पुढं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि जे झालं ते झालं. पण ती कुस्ती ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर झाली होती. तुझं ऑपरेशनच लागेल असं मी म्हणत नाही. आत लिगामेंट फाटलंय की नुसतं ताणलंय, ते डॉक्टर बघून सांगतील. व्यायामावर भागलं तर उत्तमच. ऑपरेशन लागलं तर आठ-नऊ महिने जातील. तू एकवीस वर्षांची आहेस. नऊ महिन्यांना मी घाबरत नाही, तूही घाबरू नकोस.

तू का लपवलंस तेही मला माहीत आहे. आईच्या पाटल्या. सोसायटीचं कर्ज. महिन्याचा खुराक, बदामाचा भाव, तालमीची खोली. तुझ्या पाठीशी सरकारी खातं नाही, कंपनी नाही, पगार नाही. चैत्र-वैशाखात पाच-सहा मैदानं मारली की वर्षाचं दूध-बदाम निघतं, असा तुझा हिशोब. आईच्या वहीत गेल्या वर्षीचं तुझं इनाम मी मांडून बघितलं. सगळं मिळून एक्याऐंशी हजार. त्यातले अठ्ठावन्न तू घरी दिलेस. पोरीनं मातीत अंग घासून आणलेले पैसे मी सोसायटीत भरले आणि बूटसुद्धा नवे घेतले नाहीस हे माझ्या लक्षात आलं नाही.

तर ऐक. खोंड विकलाय. कर्जाचा यंदाचा हप्ता त्यातनं भरला, पावती वहीत आहे. पाटल्या राहू देत गहाण, तुझी आई स्वतःच म्हणाली की हातात काचेच्या बांगड्या बऱ्या दिसतात. खुराकाचं माझ्यावर सोड. दूध घरचं आहे, ते मी एक दिवसाआड पाठवीन. घरी द्यायला यंदा एक रुपयाही आणायचा नाही.

तुला मैदानं आवडतात, हे मी विसरलेलो नाही. गादीवर तुला ते मिळत नाही जे मातीत मिळतं. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या मातीचा तो वास, निवेदकानं गावासकट पुकारलेलं नाव. हमीदा बानूची गोष्ट मी तुला सांगितली होती ना, पुरुष पैलवानाला हरवलं म्हणून त्या काळात आपल्या कोल्हापुरात लोकांनी तिला दगड मारले होते. त्याच मुलखात आज म्हातारी माणसं फेटे काढून तुझ्यासाठी ओरडतात. मला ते बघायला फार आवडतं. म्हणूनच ते एका चैत्रात संपावं असं वाटत नाही.

आणि गदेचं. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आपण दोघं गर्दीत उभं राहून बघितली. आपल्याच जिल्ह्यातली प्रतीक्षा बागडी गदा खांद्यावर घेऊन फिरली तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. घरी येईपर्यंत गाडीवर मागं गप्प बसलीस आणि दारात उतरल्यावर म्हणालीस, "आबा, मला ७६ किलोत जायचंय." तेव्हा तुझं वजन बासष्ट होतं. त्या रात्रीपासून तू पळत आहेस. तुझं वजन झालं, ताकद झाली, डाव झाला. गुडघा तेवढा मागं राहिला. त्याला बरोबर घेतल्याशिवाय तिथं जाता येणार नाही, आणि गेलीस तरी त्या पोरी तुझा पायच धरणार. चांगली पैलवान पहिल्या मिनिटात ओळखते कुठला पाय दुखरा आहे. मीही तेच केलं असतं.

तू तीन ठिकाणी जोड घेतली आहेस. तिन्ही यात्रांची पोस्टरं छापून झाली, तुझा फोटो त्यावर आहे. पैलवानानं शब्द दिला की मोडायचा नसतो, हे मीच तुला सांगत आलो. तेव्हा शब्द मोडायला मी जातो. तिन्ही गावच्या कमिटीपुढं मी स्वतः उभा राहीन, पोरीचा गुडघा दुखतो म्हणून स्पष्ट सांगेन आणि पोस्टरचा खर्च मागितला तर देईन. कुणी चार शब्द बोललं तर ऐकून घेईन. तू फोन करायचा नाहीस.

वस्तादांना मात्र तू सांगायचं. मी त्यांना काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. ते रागावतील, पण तुझ्यावर नाही, लपवलंस यावर. आज रात्री विचार कर आणि उद्या सकाळी सरावाआधी सांग. मला वाटतं त्यांनी ओळखलंच असेल, तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत असतील.

बुधवारी सातच्या गाडीनं मी निघतो, दहापर्यंत स्टँडवर. दवाखान्यात नंबर लावून ठेवलाय. आधीचे काही कागद असतील तर बरोबर घे, गोळ्या घेत असशील तर त्यांची पाकिटंही घे, एकही लपवू नकोस. तोवर जोर मार, दोर चढ, मान आणि खांदे कर. बैठका नाहीत, पळणं नाही, लढत तर नाहीच.

काळी म्हैस परवा व्याली. रेडी झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे. आईनं नाव ठेवायचं तुझ्यावर सोडलंय, ती रोज विचारते फोन आला का म्हणून.

तुझे
आबा

ता. क. नी-कॅप नवी घेऊ बुधवारी. आणि इथून पुढं ती चादरीखाली वाळवू नकोस, उन्हात टाक.