टोप्या बघून लिहू नकोस

प्रिय सुधीर,

दिवाळी अंकासाठीचा खर्डा वाचला. भाषा झकास आहे, पाया कच्चा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हरेदी, म्हणजे कडक धर्माचरणाचे ज्यू, कसे असतात हे तू तीन फोटोंवरून ठरवलंयस: इस्रायलचा झेंडा जाळणारे, हमरस्त्यावर ठाण मांडलेले आणि कुलाब्याच्या नरिमन हाउसमधले रब्बी, म्हणजे धर्मगुरू. तिघांच्या डोक्यावर काळी टोपी, एवढंच काय ते साम्य.

झेंडेवाले आहेत नेतुरेई कार्ता. 1938 च्या सुमारास जेरुसलेममध्ये निघालेला हा मूठभरांचा गट. त्यांचे फलक बहुधा इंग्रजीत असतात, ते काही उगाच नाही, बाहेरच्या कॅमेऱ्यांसाठीच! 2006 मध्ये यातले काही जण तेहरानच्या होलोकॉस्ट नाकारणाऱ्या परिषदेला गेले, तेव्हा सातमार या हसिदी, म्हणजे हरेदींतल्या भक्तिमार्गी, पंथानेही त्यांचा निषेध केला; आणि सातमार स्वतः झायोनिझमचे, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं या विचाराचे, पक्के विरोधक, संख्येने कितीतरी मोठे. नेतुरेई कार्ता मतदानावरही बहिष्कार घालतात. बाकीचे हरेदी मात्र हिरिरीने मत देतात: नोव्हेंबर 2022 मध्ये इस्रायलच्या संसदेतल्या 120 पैकी शास या हरेदी पक्षाला 11 आणि युनायटेड तोरा जुदाइझम या दुसऱ्या हरेदी पक्षाला 7 जागा मिळाल्या. या 18 जागा सरसकट हरेदींच्या खात्यात टाकू नकोस. शासला मोरोक्को-इराककडच्या, परंपरा पाळणाऱ्या पण हरेदी नसलेल्या कितीतरी घरांची मतं पडतात.

सैन्यभरतीविरुद्ध रस्ता अडवण्यात पुढे असतो तो येरुशलमी पेलेग हा फुटीर गट. मुख्य प्रवाहातल्या अनेक रब्बींना ही पद्धत पसंत नाही. पण म्हणून सैन्यभरतीला नकार हे चार माथेफिरूंचं खूळ आहे, असं लिहिशील तर उलट्या बाजूने घसरशील. 1948 मध्ये पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी येशिवांतल्या, म्हणजे तालमुद हा धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळांतल्या, सुमारे 400 विद्यार्थ्यांना सवलत दिली. 1977 नंतर संख्येची मर्यादाच उठली. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सवलतीला आता कायद्याचा आधार नाही. तरी हरेदी नेतृत्व हटलेलं नाही. टीका करायचीच तर इथे कर, मुद्दा भक्कम आहे.

नरिमन हाउस खबाद या हसिदी पंथाचं. परगावी बिऱ्हाड थाटून ज्यूंना धर्माकडे वळवणं हे त्यांच्या जोडप्यांचं कामच, म्हणून बाहेरच्यांना हसिदी म्हणून भेटतात ते बहुधा खबादवालेच. इतर हसिदी पंथ आपल्या गल्लीबाहेर फारसे पडत नाहीत. त्या फोटोखाली 'महाराष्ट्रातले ज्यू' अशी ओळ टाकलीयस, ती काढच. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल हसिदी कधीच नव्हते.

आता फोटो निवडताना. फरची गोल श्ट्राइमेल टोपी लग्न झालेले हसिदी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवशी, सणाला किंवा लग्नकार्यात घालतात. रोजच्या जगण्याचं चित्र म्हणून ती छापू नये. विणलेली किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, दिसली तर तो बहुधा धार्मिक झायोनिस्ट. त्यांची मुलं सैन्यात जातात, त्यांना या लेखात कोंबू नकोस.

आणि बायका कुठेत? बहुतेक हरेदी वर्तमानपत्रं बाईचा फोटो छापतच नाहीत, त्यामुळे तुलाही दिसल्या नसतील. नोकरी करणारे हरेदी पुरुष निम्म्याहून जरा जास्त, बायका मात्र दहात जवळपास आठ. येशिवातल्या नवऱ्याचा संसार बहुतेकदा तिच्या पगारावर चालतो. यावर निदान दोन परिच्छेद हवेत. जागा लागली तर झेंड्याचा फोटो उडव.

तुझा,
विनायक