खुळखुळ्यावरचा पक्षी

सिटका, अलास्का
१४ ऑगस्ट

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या गुडघ्याला आता उतार आहे हे वाचून बरं वाटलं.

आज जहाज इथे थांबलं आणि चार तासांची सुटी मिळाली. एका शेडमध्ये एक ट्लिंगिट, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, कारागीर लाकूड कोरत बसला होता. हातात वाकस! मूठ वाकडी, पण घाव तुझ्यासारखाच, मनगटातून. खांबाला तांबडा सीडार, मुखवट्याला आल्डर, आणि ते ओलं असतानाच कोरतात. तू असतास तर दिवसभर तिथून हलला नसतास.

न्यूयॉर्कला मी पाहिलेला तो खुळखुळा तुला आठवतो ना, पक्ष्याच्या आकाराचा? तो त्यांच्या वैद्याचा, म्हणजे 'इख्त'चा. पक्षी शिंपले फोडून खाणारा, ऑयस्टरकॅचर. भरतीच्या रेषेवर राहतो, चाहूल लागली की आधी ओरडतो. जमीन आणि पाणी, इथलं आणि पलीकडचं, यांच्या सीमेवरचा राखणदारच. म्हणून आजाऱ्याजवळ तो वाजवायचा. पाठीवर छोटी छोटी माणसं, प्राणी कोरलेले. काही वस्तूंवर जिभेला जीभ लागलेली दिसते. एकाची शक्ती दुसऱ्यात जाते ती अशी. पाणमांजराची जीभ मिळवल्यावर वैद्याला मोठं बळ येतं, असं ते मानत. बुडालेली माणसं पाणमांजरं होतात, ही त्यांची जुनी भीती. मग त्याच प्राण्याकडून बळ घ्यायला केवढी छाती लागत असेल!

वैद्य केस कधी कापत नसे. इतरांना अग्नी देत, त्याला नाही. गावापासून दूर, समुद्राकडे तोंड केलेल्या छोट्या घरात त्याला ठेवत, शेजारी त्याचे मुखवटे, खुळखुळे, ताईत. गावकरी तिकडे फिरकतही नसत. १८८० च्या दशकापासून एमन्स नावाच्या अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्याने अशा घरांतून वस्तू उचलल्या आणि संग्रहालयांना विकल्या. मूळ रहिवाशांच्या अशा वस्तू परत करण्याच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याने काही परत येऊ लागल्या. अनंता, मी काचेला नाक लावून पाहत होतो ते एखाद्या थडग्यातलं असेल, हे कळल्यापासून मला चैन नाही. कुणा ना कुणाच्या तरी उशाशी ठेवलेलं ते.

मी कारागिराला विचारलं, वैद्याचा खुळखुळा करतोस का? त्याने वाकस खाली ठेवला. "ते माझं काम नाही," एवढंच म्हणाला आणि पुन्हा कोरू लागला.

बंदराकडे येताना खडकावर तोच पक्षी दिसला. काळा कुळकुळीत, चोच लालभडक. मी दोन पावलं पुढे गेलो तर ओरडायला लागला. मी तिथूनच मागे फिरलो.

वाकसाचा फोटो जोडलाय, मूठ नीट बघ.

तुझा,
प्रकाश