भिंतीवरचे पाव आणि चित्रकलेचा तास

महोदय,

माझी नववीतली मुलगी शाळेच्या सहलीबरोबर स्पेनला जाऊन आली. पैसे भरताना जीव वर-खाली झाला, हे कबूल. फिगेरस गावातले चित्रकार साल्वादोर दालीचे संग्रहालय तिने पाहिले. यादवी युद्धात जळालेल्या नाट्यगृहाच्या जागी ते १९७४ मध्ये सुरू झाले. दालीचे दफनही तिथेच आहे.

छपराच्या कडेला भलीमोठी अंडी, लाल भिंतीवर ओळीने पाव. ‘आपण कडक भाकऱ्या लावल्या असत्या,’ तिची आजी म्हणाली. संग्रहालयाच्या चौकात उभ्या मोटारीच्या आत पाऊस पडतो! (सोलापूरकराला तो कुठेही पडलेला चालतो.) एका खोलीत ओठांचा सोफा, नाकाची शेकोटी, डोळ्यांच्या जागी दोन चित्रे, जिना चढून भिंगातून पाहिले की अभिनेत्री मे वेस्टचा चेहरा दिसतो. हे सांगताना पोरगी थांबेचना.

पण एवढ्यासाठी मुलांना मिळाला पाऊण तास, खरेदीला मात्र दोन. हा चित्रकार कोण, असे का काढतो, हे निघण्यापूर्वी कोणी सांगितलेच नव्हते. सांगणार कधी? चित्रकलेचा तास गणिताला जातो. एलिमेंटरी ही चित्रकलेची परीक्षा जवळ आली की तेवढे वस्तुचित्र घोटून घेतात. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले, हेही वर्गात कुणाला ठाऊक नव्हते.

शाळांनी सहलीआधी दोन-चार तास तरी मुलांना चित्रे दाखवावीत. ज्यांना पैशांअभावी जाता आले नाही, त्यांनाही त्याच वर्गात बसवावे.

– एक पालक, सोलापूर