दारात उभी असलेली जुनी गाडी मंडळाला द्या, पावसाळ्याच्या आत

नमस्कार मंडळी,

आपल्या कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांमधून संध्याकाळी सहज चक्कर मारा, टायर बसलेली, कव्हर फाटलेली एखादी मारुती ८०० नाहीतर सॅन्ट्रो, इंडिका दिसतेच. मुलं परदेशात, काकांनी आता गाडी चालवणं सोडलंय, शिवाय घरातली पहिली गाडी म्हणून काढवत नाही, हे सगळं आम्हाला समजतं. पण जरा वाकून गाडीखाली बघा. पेव्हर ब्लॉकवर जो काळा चिकट डाग पसरलाय ते इंजिन ऑइल आहे, आणि पहिल्या मोठ्या सरीला त्याचा रंगीत तवंग होऊन ते गटारात, गटारातून नाल्यात आणि तिथून मुठेत जातं. वर ठेवून दिलेल्या जुन्या टायरात पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार, ते वेगळंच.

तर मंडळाचं आवाहन असं आहे की कायमची बंद पडलेली गाडी सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, त्याची सगळी धावपळ मंडळ करेल, आणि भंगाराचे जे पैसे तुमच्या खात्यात येतील त्यातले मनाला येतील तेवढे आमच्या सायकल फंडाला द्या. वस्तीतून पालिकेच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना जुन्या सायकली दुरुस्त करून द्यायच्या आहेत.

भंगारवाल्यालाच देऊन टाकू की, असं बरेच जण म्हणतात. त्याच्या मेहनतीबद्दल काही म्हणणं नाही, पण त्याच्याकडे सोय नसते. एसीचा पाइप कापला की फुस्स करून गॅस हवेत जातो, आणि आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. बॅटरी फोडली की शिसं आणि अ‍ॅसिड मातीत, तांब्यासाठी वायर जाळल्या की तो विषारी धूर आजूबाजूच्या घरांत. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेल्या सेंटरमध्ये आधी ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, गॅस, बॅटरी हे सगळं वेगळं काढतात आणि मगच गाडी कापतात.

आणि कापल्यावर वाया फारसं काही जात नाही हो! मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची, त्यात निम्म्याहून जास्त लोखंड-पोलादच. एक टन भंगार वितळवून नवं पोलाद केलं तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा खणावा लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं तर विचारूच नका, जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते. सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसुद्धा असतं, तेही परत काढता येतं.

एक मात्र स्पष्ट सांगतो, चांगली चालणारी, वेळेवर सर्व्हिसिंग होणारी गाडी केवळ जुनी झाली म्हणून भंगारात काढा असं आमचं अजिबात म्हणणं नाही, नवी गाडी बनवायलाही भरपूर खनिज आणि वीज लागतेच. हे आवाहन फक्त ज्या गाड्या परत रस्त्यावर येणार नाहीत त्यांच्यासाठी.

कागदांचं टेन्शन घेऊ नका. आरसी, पॅन आणि कॅन्सल चेक काढून ठेवा. लोन कधीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, असं खूप घरांत असतं, तेव्हा आधी बँकेची एनओसी आणावी लागेल. मालक हयात नसतील तर वारसांनी आधी आमच्याशी बोला, आपण बसून एकेक कागद बघू. गाडी जमा केल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, पुढे नवी गाडी घेतली तर रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि रोड टॅक्समध्येही राज्याच्या नियमाप्रमाणे सवलत मिळते, आणि नवी घ्यायचीच नसेल तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं. शिवाय आरटीओच्या रेकॉर्डवरून गाडी रीतसर निघते, उद्या तुमच्या नंबर प्लेटचा कुणी गैरवापर करेल ही भीती राहत नाही.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचीही मदत हवीय. बसलेल्या टायरच्या गाड्या गल्लीतून बाहेर काढायला टोइंगचा खर्च येतो, त्याला हातभार लावा. कुणाच्या ओळखीत टोइंग व्हॅनवाला असेल तर कळवा. आरटीओची कामं माहीत असलेले दोन-तीन जण आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी कॉलेजची पोरंपोरी हवीत, ज्येष्ठांच्या घरी जाऊन ओटीपीसकट सगळं तिथेच त्यांच्यासमोर करून द्यायचंय. जुन्या सायकली, पंप, ट्यूब काहीही चालेल.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या ऑफिसात या, येताना आरसीची झेरॉक्स आणा. टोइंगला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि सायकल फंडाचा हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.